पेशंट ‘हो’ म्हणतो तेव्हा

गेल्या महिन्यात या सदरात मी लिहिलं होतं, की दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगता आलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची धरावी. त्यावर बरीच पत्रं आली. या वेळी पेशंटांइतकीच डॉक्टर, आशाताई आणि औषध दुकानदारांचीही आहेत. मी ३३ वर्षं मराठवाड्यात सरकारी परिचारिका होते. त्यातली शेवटची अकरा वर्षं बीड जिल्ह्यातल्या एका उपजिल्हा रुग्णालयात, शुगर-बीपीच्या खोलीत गेली. लिहिते आहे ते बहुतेक त्या खोलीत बघितलेलं.

प्रश्न : मी एमबीबीएस झाल्यावर बंधपत्राच्या सेवेसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले आहे. ओपीडी रोज शंभरच्या घरात. मी मराठीतच बोलते, सावकाश सांगते, शेवटी ‘समजलं का?’ विचारते. सगळे ‘हो मॅडम’ म्हणतात. महिन्याने येतात तेव्हा तेच बीपी, तीच शुगर, आणि गोळ्यांची निम्मी पाकिटं तशीच. माझं कुठे चुकतंय? (वैद्यकीय अधिकारी, जालना जिल्हा)

उत्तर : मॅडम, तो शेवटचा प्रश्न आधी सोडून द्या. ‘समजलं का?’ला ‘नाही’ म्हणायची आपल्याकडे रीतच नाही. समोर डॉक्टर, मागे रांग, त्या रांगेत गावातलीच चार ओळखीची माणसं. साठीच्या माणसाने सगळ्यांदेखत ‘मला नाही कळलं’ म्हणायचं म्हणजे स्वतःची लाज काढून घेणं, आणि वर डॉक्टरांना नीट सांगता आलं नाही असं म्हटल्यासारखं. म्हणून तो ‘हो’ म्हणतो. तुमचा मान राखतो. गोळीचं त्याला कळलं की नाही, याचा त्या ‘हो’शी काही संबंध नसतो.

मी विचारायचे ते असं : “आजी, घरी गेल्यावर सूनबाई विचारेल, काय सांगितलं दवाखान्यात? तिला काय सांगाल?” आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं फार अवघड आहे, मला जमायला काही वर्षं लागली. आजी आधी हसतात, पदर सावरतात, मग सांगायला लागतात, आणि त्या सांगण्यात आपण कुठे कमी पडलो ते दिसतं. ‘मी काय सांगितलं ते म्हणून दाखवा’ असं विचारलं की शाळेतली परीक्षा होते. सुनेचं, लेकाचं नाव घेतलं की ती घरची गोष्ट होते. चुकीचं सांगितलं तर “आजी, माझंच सांगायचं राहिलं, परत सांगते” म्हणायचं आणि दुसऱ्या शब्दांत सांगायचं. तेच वाक्य मोठ्या आवाजात नाही. परत सांगून झालं की परत एकदा सूनबाई.

शब्दांचं तर फारच जपावं लागतं. एका आजींना मी सांगितलं होतं, “उद्या उपाशीपोटी या, रक्त तपासायचं.” त्या सकाळी आठला हजर. शुगर २४० च्या पुढे. डॉक्टरांनी गोळी वाढवून लिहिलीसुद्धा. चिठ्ठी हातात देताना मी सहज विचारलं, “रात्री किती वाजता जेवलात?” तर म्हणाल्या, “रात्रीपासून जेवलेच न्हाई. सकाळी उलीशी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आन् चहा.” त्यांच्या घरात उपाशी राहायचं म्हणजे उपास, आणि उपासाला खिचडी चालतेच. त्या माझं म्हणणं शब्दशः पाळून आल्या होत्या. चिठ्ठी परत घेतली, दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेतलं. तेव्हापासून मी ‘उपाशीपोटी’, ‘फास्टिंग’ हे दोन्ही शब्द त्या खोलीतून काढून टाकले. “रात्री जेवलात की सकाळी रक्त देईपर्यंत फक्त पाणी. चहा नाही, दूध नाही, उपासाचंही काही नाही.” एवढं अख्खं बोलायचं.

‘जेवणानंतर तीन वेळा’ हे असंच. शेतमजुरी करणारी बाई सकाळी भाकरी बांधून निघते, दुपारी बांधावर खाते, रात्री जेवते की नाही हे घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर ठरतं. तिच्या दिवसात तीन जेवणं नसतील तर तिसरी गोळी कुठे बसणार? म्हणून आधी तिचा दिवस विचारायचा. “सकाळी उठल्यापासून सांगा, काय काय करता?” यात अर्धा मिनिट जातो. मग गोळी तिच्या दिवसातल्या एखाद्या कामाला बांधून द्यायची. देवापुढे दिवा लावल्यावर, धार काढून आल्यावर. घड्याळातले आठ विसरले जातात, म्हशीची धार विसरली जात नाही.

बीपीच्या गोळ्या बंद करण्याचं कारण बहुतेक एकच असतं : “मागच्या टायमाला नॉर्मल आली की.” नॉर्मल आली तरी गोळी चालू ठेवायची, हे पटवायला मी वर्षानुवर्षं धडपडले. आष्टी तालुक्यातल्या एका बाबांना सूनबाईचा प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, “बाई, हे तर ठिबकचंच झालं. दाब वाढला म्हणून नळी लगीच फुटत न्हाई, पण जिथं कच्ची तिथं जोड सुटतो. मोटार चालू हाय तवर बायपास उघडा ठेवावा लागतो.” काळीज म्हणजे मोटार आणि गोळी म्हणजे बायपास. इतकं नेमकं मला कुठल्याही प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं. पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक शेतकऱ्याला मी बाबांचंच वाक्य सांगितलं. तुमच्या भागात चांगली उपमा हवी असेल तर पेशंटला बोलू द्या, तोच देईल.

शंभराच्या ओपीडीत वेळ कुठून आणू, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असणारच. एका भेटीत एकच गोष्ट सांगा. मीठ, चालणं, तंबाखू, डोळे, पाय, गोळ्या हे सगळं एका दमात सांगितलं तर घरी जाईपर्यंत त्यातलं काहीच उरत नाही. या खेपेला फक्त गोळी. पुढच्या खेपेला मीठ. आणि तुमच्या खोलीतून पेशंट सिस्टरकडे आला, औषधाच्या खिडकीशी गेला, की तिथेही तेच एक वाक्य कानावर पडू द्या.

एक विनंतीही करते. निम्मी पाकिटं परत आली म्हणून रागावू नका. रागावलात तर पुढच्या वेळी तो पाकिटं घरी ठेवून येईल आणि ‘संपल्या’ म्हणेल. मग तुम्ही डोस वाढवाल, आणि एखाद्या दिवशी लेकाच्या धाकाने त्याने सगळ्या गोळ्या मनापासून घेतल्या तर चक्कर येऊन पडेल. उरलेली गोळी दाखवणारा पेशंट तुमच्यावर विश्वास टाकतोय. त्याला विचारा, “कुठली गोळी घ्यायला जड जाते?” उत्तर ऐकून घ्या. बहुतेक वेळा ‘उष्ण पडते’, ‘सारखं लघवीला उठावं लागतं’ किंवा ‘एसटीला पैसे नव्हते’ असलं काही असतं, आणि त्यावर तुम्हाला काहीतरी करता येतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बाळांचा न्यूमोनिया ओळखायला गावातल्या दायांना शिकवलं. एका मिनिटातले श्वास मोजायचे, पण अनेक दायांना मोठे आकडे मोजता येत नव्हते. मग एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांची पट्टी केली. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. मला हे उदाहरण जवळचं वाटतं, कारण तिथे दायांना आधी गणित शिकवत बसले नाहीत. साधनच त्यांच्या हाताजोगं केलं.

प्रश्न : आई गावी एकटी असते. वय ६८, शिक्षण चौथीपर्यंत. वर्षभरापासून इन्सुलिन चालू आहे. डॉक्टर डोस वाढवतात, तरी शुगर ३००-३५० च्या खाली येत नाही. फोनवर विचारलं की म्हणते, “रोज घेते रे बाबा.” ती खोटं बोलत असेल का? (नोकरदार मुलगा, पुणे)

उत्तर : आधी मनातून ‘खोटं’ हा शब्द काढा. आणि फोनवर विचारणं थांबवून बघायला जा. जाणं होत नसेल तर व्हिडिओ कॉल लावा, मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवायला सांगा, आणि नेहमीसारखं इंजेक्शन भरायला सांगा. मध्ये बोलू नका.

माझ्याकडे एक मावशी अशाच यायच्या. २० युनिटचे ३० झाले, शुगर हलेना. सगळे म्हणायचे गोड खात असतील. एकदा मी म्हटलं, “मावशी, उद्या बाटली, सुई, सगळं पिशवीत घालून आणा.” आणलं. बाटलीवर ४० लिहिलेलं, सिरिंजचं टोपण नारिंगी. तिथेच कळलं. आपल्याकडे इन्सुलिनची साधी बाटली बहुतेक ४० ची असते, म्हणजे १ मिलीत ४० युनिट. तिच्यासाठी लाल टोपणाची सिरिंज. नारिंगी टोपणाची सिरिंज १०० च्या इन्सुलिनसाठी. दोन्ही सिरिंजवर रेघा असतात, आकडे असतात, पण आकड्यांचा अर्थ वेगळा. ४० च्या बाटलीतून नारिंगी सिरिंजने ३० च्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात १२ च युनिट जातात. नातवाने कुठूनतरी सिरिंजची पिशवी आणून दिली होती, मावशी इमानाने ३० ची रेघ बघून घेत होत्या. उलटं झालं तर जिवावरच बेततं. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज, तर २० च्या रेघेला ५० युनिट जातात.

तुमच्या आईचं असंच निघालं तर एक गोष्ट फार जपून करा. नुसती बरोबर सिरिंज आणून देऊ नका. डोस वाढत गेलाय तो चुकीच्या सिरिंजच्या हिशेबाने. बरोबर सिरिंजने तोच आकडा घेतला तर शुगर एकदम खाली येईल. पिशवी तशीच्या तशी डॉक्टरांपुढे ठेवा, आणि नवा डोस त्यांनाच ठरवू द्या.

सिरिंज बरोबर असेल तर पुढचं बघा. रोज एकाच जागी टोचून पोटावर गाठ झाली असेल तर तिथलं इन्सुलिन नीट लागत नाही. फ्रिज नसेल तर बाटली पिशवीत बांधून, पाणी लागणार नाही अशी, मातीच्या माठात किंवा गार जागी ठेवतात. चुलीजवळच्या फळीवर किंवा उन्हाच्या खिडकीत ठेवली असेल तर ते औषध गेलं. आणि शेजारच्या एखाद्या बाईला सांगून ठेवा : आईला दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलणं विस्कळीत झालं, तर आधी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, मग फोन. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, १०८ ला फोन करायचा.

प्रश्न : गरोदर बायका लोहाच्या गोळ्या नेतात, पण खात नाहीत. सासूबाई म्हणतात, उष्ण पडतात, बाळ मोठं होऊन अडतं. एकीने शौचाला काळी झाली म्हणून भीतीने सगळ्या फेकल्या. मी सांगून दमले. (आशा कार्यकर्ती, धाराशिव जिल्हा)

उत्तर : ताई, तुम्ही सुनेला सांगताय, पण ज्यांच्या शब्दावर घर चालतं त्या सासूबाईंपुढे बसून सांगा. आणि ‘उष्ण पडतात’ ही अंधश्रद्धा म्हणून झटकू नका. पोटात जळजळ, मळमळ, मलावरोध हे या गोळीने खरंच होतं. त्याला त्या ‘उष्ण’ म्हणतात, एवढंच. “हो मावशी, जळजळतं काहींना. म्हणून ही रात्री जेवण झाल्यावर तासा-दोन तासांनी, निजायच्या आधी द्या. वरून लिंबाचं पाणी द्या.” असं म्हटलं की त्यांच्या डोक्यातलं पथ्य आणि तुमची गोळी एका बाजूला येतात. आपल्याकडे औषधाबरोबर पथ्य विचारतातच. पथ्य नाही असं सांगितलं तर औषधात दम नाही असं वाटतं. मग खरं पथ्य द्या : गोळीच्या आगेमागे चहा नाही, आणि कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नाही, ती दुपारच्या जेवणात.

काळ्या शौचाचं गोळी हातात देतानाच सांगायचं. आधी कळलं की ती खूण होते, नंतर कळलं की भीती. मी म्हणायचे, “उद्या-परवा काळी होईल. झाली की समजायचं, गोळी पोटात गेली.”

बाळ मोठं होऊन अडेल ही भीती मात्र मनापासूनची असते, घरात कुणाची तरी अडलेली बाळंतपणं आठवत असतात. तिथे “असं काही नसतं” म्हणून पुढे जाऊ नका. विचारा, कुणाचं काय झालं होतं. ऐकून झाल्यावर सांगा, की गोळीने बाळाचं आकारमान वाढत नाही, आईचं रक्त वाढतं, आणि बाळंतपणात रक्त गेलं तर तेच तिला तारतं. १८० गोळ्यांचा आकडा ऐकूनच बाई दमते. आठवड्याची एक पट्टी हातात द्या, पुढच्या भेटीत रिकामी पट्टी मागा.

प्रश्न : माझं तालुक्याला मेडिकल आहे. चिठ्ठीवर १-०-१ असतं, मी पाकिटावरही तेच लिहितो. पण वाचता न येणारी गिऱ्हाइकं दुसऱ्या दिवशी परत विचारायला येतात. काय करावं? (औषध विक्रेता, लातूर जिल्हा)

उत्तर : जे परत विचारायला येतात त्यांची काळजी नाही. न येणाऱ्यांची करा. १-०-१, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक, ही आपली आपसातली खूण आहे. शिकलेल्यालाही कुणी न सांगता ती कळत नाही. पाकिटावर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्रकोर काढा, खाली गोळ्या तितक्या उभ्या रेघा. रबरी शिक्का करून घेतलात तर दोन सेकंदांचं काम.

त्याहून मोठा धोका सांगते. कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो. गेल्या महिन्यात गोल पांढरी, या महिन्यात लांबट गुलाबी. घरी चार पांढऱ्या उरलेल्या असतात. पेशंटला वाटतं नवीन गोळी वाढवली. तो दोन्ही घेतो. औषध एकच, डोस दुप्पट. म्हणून ब्रँड बदलून देताना तोंडाने सांगा : “ही त्या पांढरीच्या जागी. पांढरी संपली की ही. दोन्ही मिळून नाही.” पट्टी कापून देताना नाव आणि मुदत असलेला तुकडा पेशंटकडे जाऊ द्या.

लहान मुलांच्या तापाच्या औषधाला तर तुम्हीच शेवटची चौकी आहात. पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्समध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं, साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२५. ड्रॉप्स सिरपसारखे चमच्याने पाजले तर चौपट जातं. घरातला चमचा म्हणजे पोह्यांचाही असतो आणि वाढायचाही. सोबतच्या मापावर पेनने रेघ मारून द्या आणि आईला तिथपर्यंत पाणी भरून दाखवायला सांगा.

डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर अंदाज करू नका, फोन करा. औषधाचं नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं हे २०१६ पासून डॉक्टरांच्या आचारनियमांतच आहे. विचारण्यात तुमचा कमीपणा नाही.

प्रश्न : मी ३० वर्षं शाळेत शिकवलं. पत्नीच्या ऑपरेशनआधी एका खासगी रुग्णालयात चार पानी इंग्रजी कागदावर सही घेतली. थिएटरचं दार उघडं होतं, सगळे घाईत. एक ओळही वाचली नाही. शिकलेला असून विचारायची लाज वाटली, याचं आजही वाईट वाटतं. (निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : गुरुजी, लाज तुम्ही बाळगायची नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांच्या वर आहे, पण त्या साक्षरतेचा ‘हेपॅटिक’ आणि ‘अॅनास्थेशिया’शी काय संबंध? आजाराच्या भाषेत आपण सगळेच निरक्षर असतो, आणि घाबरलेला माणूस जास्तच. माझ्या भावाच्या बायपासच्या वेळी मी स्वतः नर्स असून कागद न वाचता सही केली होती. हात कापत होता.

चूक दारात कागद पुढे करणाऱ्याची. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी हेच सांगितलं. त्या बाईने तपासणीसाठी संमती दिली होती आणि भुलेतच गर्भाशय काढलं गेलं होतं. न्यायालयाने म्हटलं, की एका गोष्टीची संमती दुसरीला लागू होत नाही, आणि काय करणार, धोका काय, दुसरा उपाय काय, उपचार नाकारले तर काय होईल, हे पुरेसं सांगितल्याशिवाय संमतीला अर्थ नाही. महाराष्ट्रात २०२१ मध्ये शुश्रूषागृहांचे नियम सुधारले, त्यांत रुग्ण हक्कांची सनद दर्शनी भागात लावायला सांगितली आहे. पुढच्या वेळी कुठेही गेलात तर ती भिंतीवर आहे का बघा.

आणि आदल्या दिवशी एका चिठ्ठीवर लिहून न्या : काय करणार? नाही केलं तर काय होईल? दुसरं काही करता येतं का? घरी आल्यावर कुठली लक्षणं दिसली तर परत आणायचं? शेवटचा प्रश्न सगळे विसरतात, आणि रात्री दोन वाजता कामाला येतो तो तोच. उत्तरं डॉक्टर सांगतील तशी मराठीत उतरवून घ्या. पेन हातात दिसलं की सांगणारा सावकाश बोलतो, हे मी खूपदा पाहिलंय.

प्रश्न : बहिणीचा गाठीचा रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला म्हणून आई दोन दिवस जेवली नाही. (वाचक, नांदेड)

उत्तर : आईंना आजच सांगा, ‘निगेटिव्ह’ म्हणजे जो आजार शोधत होते तो या तपासणीत सापडला नाही. आपल्या बोलण्यात निगेटिव्ह म्हणजे वाईट, म्हणून हा घोटाळा. मी माझ्या खोलीत ‘निघाला नाही’ आणि ‘निघाला’ एवढंच म्हणायचे. पुढे काही करायचं आहे का, हे मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

प्रश्न : वडिलांना टीबी झाला. दोन महिने गोळ्या झाल्या, आता खोकला नाही, वजनही वाढलं. आधी लघवी लाल व्हायची म्हणून ते घाबरलेले. आता दवाखान्यातून वेगळी गोळी दिली, तर म्हणतात बरं झालं म्हणूनच बदलली. मुकादमाची उचल घेतलेली आहे, पुढच्या आठवड्यात टोळी कारखान्यावर जाणार. गोळ्या बंद केल्या तर चालेल का? (ऊसतोड कामगाराचा मुलगा, बीड जिल्हा)

उत्तर : बाळा, बंद करायच्या नाहीत. वडिलांना हे पत्र वाचून दाखव.

दादा, तुम्ही पाचटात लागलेला जाळ विझवलाय का कधी? वरून धूर दिसत नाही, म्हणून माणूस घरी जातो, आणि खाली धग तशीच असते. पहिल्या दोन महिन्यांत वरचा जाळ विझला, म्हणून खोकला गेला. खालची धग विझवायला अजून चार महिने. दोन महिन्यांनंतर गोळी बदलते कारण चार औषधांची तीन होतात. तो उपचाराचाच दुसरा भाग आहे, शेवट नाही. आता सोडली तर आजार परत उठेल, आणि तेव्हा या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. लाल लघवी एका औषधाच्या रंगाने होते, ते रक्त नसतं. डोळे पिवळे झाले, सारख्या उलट्या झाल्या, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

कामाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. उचल घेतलेल्या माणसाला ते सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे. माझ्या नोकरीत दिवाळीनंतर अर्धी खोली रिकामी व्हायची आणि कार्डं तशीच टेबलावर राहायची. त्यातली काही माणसं मार्च-एप्रिलमध्ये खोकत परत आली, एक जण आलाच नाही. त्याचं कार्ड मी खूप दिवस फाइलला लावलं नव्हतं.

म्हणून निघायच्या आधी एवढं करा. दवाखान्यात जाऊन कारखान्याचं नाव, तालुका, जिल्हा सांगा आणि ‘निक्षय’वरची (टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन यादीतली) नोंद तिकडच्या केंद्राकडे पाठवायला सांगा. गोळ्या तिथल्या सरकारी दवाखान्यातही फुकट मिळतात. निघताना सोबत महिन्याच्या मागून घ्या, आणि कार्डाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्ये ठेवा. दोन महिन्यांनंतरची थुंकी तपासली नसेल तर तीही देऊन जा. पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात का बघा, नोव्हेंबर २०२४ पासून ५०० चे १००० झालेत. आई आणि घरातली लहान मुलं तपासून घेतली का, तेही विचारा.

फडात पहाटेच जावं लागतं, म्हणून गोळी तोंड धुतल्याबरोबर, पाण्याच्या पहिल्या तांब्याबरोबर. पाकीट कोयत्याच्या पिशवीत नाही, पाऊस-दव लागतं. आईच्या पीठाच्या डब्याशेजारी ठेवा. आणि बाळा, रोज रात्री फोनवर तू एकच विचार, “आज कितवी?” पाठवलेल्या कार्डाच्या झेरॉक्सवर पुढची तारीख १८ नोव्हेंबर आहे आणि टोळी १५ ला निघतेय. तेव्हा त्या तारखेची वाट बघू नकोस, उद्या सकाळीच वडिलांना घेऊन जा.